थकलेले हृदय आणि तुंबलेले मूत्रपिंड

मंडळी, आपल्या बीड जिल्ह्यात, आणि बहुधा सगळ्याच खेड्यापाड्यांत, काही सल्ले फार वेळा कानी पडतात. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला धाप लागते, पावलांवर सूज चढते, लघवी कमी होते, जेवण नकोसे होते. मग ओट्यावर बसलेले कोणी तरी म्हणते, "अशक्तपणा आलाय. एक सलाईन लावा, बरं वाटेल." दुसरे म्हणते, "लघवी कमी होतेय म्हणजे अंगात पाणी कमी पडलंय. भरपूर पाणी पाजा." तिसरा अधिक जाणता असतो. तो सांगतो, "दवाखान्यात लघवीचं इंजेक्शन देतात ना, त्यानंच किडनी जाते." हे सांगणाऱ्यांच्या मनात मायाच असते. पण ज्याचे हृदय एकाएकी थकले आहे, त्याच्या बाबतीत हे तिन्ही सल्ले जिवावर बेतू शकतात. ते कसे, हे आज आपण समजून घेऊ.

आरंभीच एक सांगून ठेवतो. मी वैद्य नव्हे. महाविद्यालयात भूगोल शिकविणारा एक अध्यापक आहे. औषध कोणते आणि किती, हे सांगण्याचा अधिकार आपल्या डॉक्टरांचा. परंतु पाणी कोठून कोठे वाहते, कशाने अडते आणि अडले म्हणजे काय होते, हा माझ्या विषयाचा भाग आहे, आणि शरीरातले रक्तही वाहणारेच आहे. म्हणून ही गोष्ट पाण्याच्या अंगाने सांगावी असे वाटले. शिक्षक बंधुभगिनींना ती आठवी-नववीच्या वर्गातही सांगता येईल.

प्रथम निरोगी शरीराचा हिशेब पाहू. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. त्यापैकी १ लिटरहून थोडे अधिक रक्त एकट्या दोन मूत्रपिंडांत जाते. मूत्रपिंडे केवढी म्हणाल, तर दोन्ही मिळून भरतात सुमारे ३०० ग्रॅम. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसात अर्धा टक्का वजनाचा हा अवयव, पण रक्ताचा पाचवा हिस्सा त्याच्या वाट्याला येतो. एवढे रक्त त्याला स्वतःच्या पोषणासाठी लागत नाही. ते त्याच्याकडे गाळण्यासाठी येते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख बारीक गाळण्या आहेत, आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता होय. या साऱ्या गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. १५ लिटरांची घागर धरली तर बारा घागरी! त्यातले दीड-दोन लिटर तेवढे लघवीवाटे बाहेर पडते. बाकीचे पाणी, आणि त्याबरोबरचे बहुतेक मीठ, मूत्रपिंड रक्तात परत घेते. एवढी मोठी उलाढाल करणाऱ्याकडे येणारा रक्ताचा ओघ घटला, तर सगळ्या शरीराचा ताळेबंद बिघडणारच.

आता हा ओघ कशावर अवलंबून असतो? मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या वाहिनीला जुन्या पुस्तकांत रोहिणी म्हणत, आता धमनी म्हणतात. परत नेणाऱ्या वाहिनीला नीला किंवा शीर म्हणतात. वाहिन्या किती रुंद आहेत यावर ओघ अवलंबून असतोच. पण त्याबरोबर या दोन टोकांमधल्या दाबात किती फरक आहे, यावरही तो अवलंबून असतो. नुसता पुढचा दाब पाहून भागत नाही.

बीडजवळची खजाना विहीर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या काळात, निजामशाहीत ती बांधली गेली. तिच्यात जमिनीखालून पाणी आणणारे मार्ग आहेत आणि पाणी बाहेर नेणारा मार्गही आहे. त्या वाहत्या पाण्यावर खालची शेती भिजत आली. तेथे मोटेचे काम नाही, सारा कारभार उताराचा. आता अशी कल्पना करा, की बाहेर जाणाऱ्या मार्गाच्या खालच्या अंगाला पाणी तुंबले आणि ते चढत चढत मार्गाच्या तोंडाशी आले. वरून येणारे पाणी पूर्वीइतकेच आहे, तरी विहिरीतून वाहणे मंदावेल. घाईने पाहणारा म्हणेल, "वाहत नाही, म्हणजे झरा आटला." तसे नसते. झरा आहे तसाच आहे, निचरा अडला आहे. मूत्रपिंडाचेही नेमके असेच होते.

हाच हिशेब फळ्यावर मांडू. रक्ताचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात. समजा, एखाद्याच्या रोहिणीतला सरासरी दाब ९० आहे आणि नीलेतला ५ आहे. फरक झाला ८५. आता त्याचे हृदय थकले. रोहिणीतला दाब उतरून ७५ झाला आणि नीलेतला चढून २५ झाला. फरक उरला ५०. म्हणजे ३५ ने घट झाली. त्यातले १५ पुढचा जोर कमी झाल्यामुळे गेले आणि २० मागे तुंबल्यामुळे गेले. दंडाला पट्टा बांधून जे ब्लडप्रेशर पाहतात, त्यात या दोहोंपैकी पहिले टोक तेवढे समजते. मागचे तुंबणे पाहण्यासाठी डॉक्टर मानेच्या फुगलेल्या शिरा बघतात, पायावर बोट दाबून खळगा पडतो का ते बघतात, यकृत वाढले आहे का ते चाचपतात आणि छातीला नळी लावून फुफ्फुसातले पाणी ऐकतात.

हृदय थकल्यावर मागे तुंबते का, हे सांगावयास नको. गावातल्या ओढ्यावर मोटार लावली आहे आणि मोटारीचा जोर कमी झाला, तर पुढच्या पाटात पाणी कमी जाते आणि मागे ओढ्यात पाणी चढते. हृदय ही शरीराची मोटार होय. ती अशी थकण्याची कारणे अनेक आहेत. कोणाला हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असतो. कोणाचा रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहतो. कोणाला लहानपणी घसा येऊन सांधे सुजण्याचा ताप आलेला असतो आणि त्यात हृदयाच्या झडपा बिघडलेल्या असतात. क्वचित बाळंतपणाच्या सुमारास तरुण स्त्रीचे हृदयही दुबळे होते. हा केवळ म्हाताऱ्यांचा आजार आहे, असे समजू नका. केरळात तिरुअनंतपुरम येथे २०१३ साली अशा १२०५ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय होते सुमारे ६१ वर्षे. पाश्चात्त्य देशांतल्या अशा रुग्णांहून आपले रुग्ण वयाने लहान असतात. म्हणजे घर चालविणारा माणूसच पुष्कळदा यात सापडतो.

मूत्रपिंडाचे दुःख पुढच्या टंचाईचे की मागच्या तुंबण्याचे, हा वाद शास्त्रज्ञांमध्येही बरीच वर्षे चालला. १९३१ साली एफ. आर. विंटन या शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्याचे मूत्रपिंड शरीराबाहेर चालते ठेवून प्रयोग केले. नीलेतला दाब वाढविला की लघवी कमी होते, असे त्याला आढळले. पुढे अमेरिकेत होमर स्मिथ याने मूत्रपिंडातून किती रक्त वाहते, हे जिवंत माणसात मोजण्याची पद्धत बसविली. मूत्रपिंड जो पदार्थ रक्तातून जवळजवळ सगळाच काढून घेते, असा एक पदार्थ शिरेतून द्यावयाचा आणि तो लघवीत किती उतरला यावरून रक्ताचा ओघ काढावयाचा, अशी ती पद्धत. तिचा उपयोग करून १९४६ साली आर्थर मेरिल याने हृदय थकलेल्या रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. हृदयाचे काम जितके घटले होते, त्याहून मूत्रपिंडाचा ओघ किती तरी अधिक घटलेला दिसला. त्यावरून पुष्कळांनी असे धरले, की सारा दोष पुढच्या टंचाईचा. विंटनचे म्हणणे मागे पडले.

मग २००९ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील डॉक्टरांनी, हृदयाचा विकार फार वाढल्यामुळे दाखल केलेल्या १४५ रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत नळ्या घालून दोन्ही टोकांचे मोजमाप केले. उपचार चालू असता कोणाचे मूत्रपिंड बिघडते, ते पाहिले. हृदय किती रक्त ढकलते यावरून तो अंदाज फारसा लागेना. मोठ्या शिरांत किती दाब तुंबला आहे यावरून तो अधिक चांगला लागला. ज्यांचा तुंबलेला दाब उपचाराने पुरेसा उतरला, त्यांची मूत्रपिंडे कमी बिघडली. आता सोनोग्राफीच्या यंत्राने मूत्रपिंडातल्या शिरांतला प्रवाह बाहेरूनही पाहता येतो. निरोगी माणसात तो अखंड वाहताना दिसतो. तुंबणे वाढले की तो तुटक तुटक होतो.

मूत्रपिंडाला आणखी एक अडचण आहे. त्याच्याभोवती एक घट्ट वेष्टन असते. आत पाणी साठून ते फुगू लागले, तरी वेष्टन फारसे ताणले जात नाही. मग आतल्या आत त्याच्या बारीक नळ्या दाबल्या जातात. पोटातही पाणी झाले असेल, तर बाहेरूनही दाब पडतो. कालव्याखालच्या काळ्या जमिनीचे असेच होते. गेवराई-माजलगावकडच्या शेतकऱ्यांना हे सांगावयास नको. निचरा नसला की जमीन चिबड होते, मुळे पाण्यात उभी राहतात आणि पाण्यातच पीक पिवळे पडते. असे पिवळे पीक पाहून जो आणखी एक पाणी देईल, त्याला आपण काय म्हणू?

आणि येथेच शरीर स्वतः फसते. मूत्रपिंडाला बाहेरचे काही दिसत नाही. त्याला एवढेच कळते, की आपल्याकडे येणारा ओघ घटला. अशी घट माणसाला फार जुलाब झाले किंवा जखमेतून रक्त गेले म्हणजेही होते, आणि तेव्हा पाणी राखून ठेवणे हेच शहाणपण असते. म्हणून मूत्रपिंड तीच जुनी युक्ती येथे वापरते. ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते, त्यातून रक्तवाहिन्या आवळण्याचे हुकूम सुटतात, आणि मीठ व पाणी लघवीत न सोडता परत घेतले जाते. अंगात आधीच जास्त झालेले पाणी आणखी वाढते. पाणी वाढले की शिरा अधिक तुंबतात, शिरा तुंबल्या की मूत्रपिंडाचा ओघ अधिक घटतो, आणि ते आणखी मीठ राखते. रहाट फिरतच राहतो. सूज पायांवरून पोटऱ्यांवर येते, फुफ्फुसांत पाणी चढते, आणि रुग्णाला उताणे निजता येत नाही. तो रात्रभर उशा लावून बसून राहतो.

आता सलाईनचे पाहा. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. निरोगी माणसानेही दिवसभरात ५ ग्रॅमच्या आतच मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एक बाटली लावली, की जवळजवळ दिवसभराचे मीठ थेट रक्तात गेले, आणि वर अर्धा लिटर पाणी. जुलाब-वांत्यांनी सुकलेल्या माणसाला हेच सलाईन जीवदान देते, यात शंका नाही. पण ज्याच्या फुफ्फुसांत पाणी चढले आहे, त्याला ते बुडवू शकते. सलाईन द्यावयाचे की नाही, हा निर्णय डॉक्टरांनी तपासून करावयाचा आहे. नातेवाइकांनी त्यासाठी हट्ट धरू नये. आणि डॉक्टरांनी "सलाईन नको" म्हटले, तर त्यांनी उपचारच केला नाही असेही समजू नये.

मग उपाय काय? निचरा उघडणे. हे फार जुने शहाणपण आहे. इंग्लंडातील बर्मिंगहॅमचे वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली एका रानफुलाच्या पानांवर पुस्तक लिहिले. ती पाने दिली की सुजलेल्या रुग्णांना भरपूर लघवी होई. ते औषध मूळ काम हृदयावर करते, हे मागाहून स्पष्ट झाले. आपण ते डिजिटॅलिस या नावाने ओळखतो. हृदय सुधारले की मूत्रपिंड मोकळे होते, याचे ते एक उदाहरण होय. १९६० नंतरच्या दशकात फ्युरोसेमाइड हे औषध आले. बाजारात लॅसिक्स म्हणून जे मिळते, ते हेच. गाळून आलेले मीठ मूत्रपिंडाच्या नळीतून रक्तात परत घेतले जात असते, ते हे औषध एका ठिकाणी रोखते. मीठ लघवीत जाते, त्याच्या मागोमाग पाणी जाते. लोक ज्याला "लघवीचं इंजेक्शन" म्हणतात, ते पुष्कळदा हेच.

हे इंजेक्शन दिल्यावर मूत्रपिंडाच्या ओघाचे काय होते, हा आजच्या विषयाचा गाभा. येथे दोन गोष्टी एकाच वेळी चालतात, आणि त्या एकमेकींच्या उलट असतात. एकीकडे शिरांतले तुंबणे उतरते, दोन टोकांमधला फरक वाढतो, आणि ओघ सुधारतो. दुसरीकडे रक्तातले पाणी कमी होते. ते भरून काढण्यासाठी सुजलेल्या पायांतले, पोटातले, फुफ्फुसांतले पाणी हळूहळू झिरपून रक्तात यावे लागते. विहिरीवर मोटार लावणाऱ्याला हे ठाऊक असते. झऱ्याच्या बेताने उपसा केला, तर विहीर तासन् तास चालते. झऱ्याहून उपसा जास्त झाला, तर आसपासच्या जमिनीत पाणी असूनही विहीर तळ दाखविते. तसेच लघवीने पाणी फार वेगाने गेले आणि अंगातले पाणी त्या वेगाने रक्तात आले नाही, तर रक्ताला तात्पुरती तूट पडते आणि मूत्रपिंडाचा ओघ काही काळ उतरतो. म्हणून डॉक्टर रोज वजन करतात, लघवी मोजतात, रक्तदाब बघतात आणि इंजेक्शनचे प्रमाण कमी-जास्त करतात.

याच काळात रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन नावाचा आकडा थोडा वाढलेला दिसतो. क्रिएटिनिन हा स्नायूंत तयार होणारा कचरा होय. मूत्रपिंड तो बाहेर टाकते, म्हणून त्याच्या आकड्यावरून मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज येतो. कागदावर आकडा वाढला, की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. "इंजेक्शनानं किडनी गेली, आता बंद करा," असे ते म्हणतात. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. २०११ साली अमेरिका व कॅनडामध्ये ३०८ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. काहींना फ्युरोसेमाइडचे मोठे प्रमाण दिले होते, काहींना लहान. मोठ्या प्रमाणाच्या गटात पहिल्या तीन दिवसांत मूत्रपिंडाचा आकडा बिघडलेले रुग्ण शंभरांत २३ होते, लहान प्रमाणाच्या गटात १४. परंतु ६० दिवसांनी पाहिले, तर मूत्रपिंडाच्या कामात दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. आणि मोठ्या प्रमाणाच्या गटातले पाणी अधिक उतरले होते.

पुढच्याच वर्षी, २०१२ साली, इटलीतील डॉक्टरांनी ५९९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचा आकडा वाढला पण सूज आणि तुंबणे उतरले, त्यांचे पुढे वाईट झाले नाही. ज्यांचा आकडा वाढला आणि तुंबणेही तसेच राहिले, त्यांची पुढची वाटचाल वाईट होती. याचा अर्थ असा, की आकडा एकटा बघू नये. आकड्याच्या शेजारी माणूस बघावा. धाप कमी झाली का? सूज उतरली का? रात्री निजता येऊ लागले का? हे सुधारत असता आकडा थोडा वाढला, तर डॉक्टर बहुधा उपचार चालू ठेवतात. आकडा फार चढला, लघवी बंद पडू लागली, किंवा रक्तदाब घसरला, तर ते निराळा विचार करतात. दोन्ही निर्णय त्यांच्यावर सोपवावेत.

कोणी विचारील, मूत्रपिंडाचा ओघच वाढविणारे औषध का देत नाहीत? तोही प्रयत्न झाला आहे. डोपामिन नावाचे औषध अगदी थोड्या प्रमाणात दिले असता मूत्रपिंडाच्या वाहिन्या रुंदावतात आणि ओघ वाढतो, असे मोजून दिसले होते. त्यामुळे पुष्कळ वर्षे ते देण्याचा प्रघात होता. परंतु २०१३ साली ३६० रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष आला, आणि नेहमीच्या उपचारात ते घातल्याने पाणीही अधिक उतरले नाही आणि मूत्रपिंडही अधिक राखले गेले नाही. यंत्राने रक्तातले पाणी काढून घेण्याचा मार्गही २०१२ साली १८८ रुग्णांवर पारखला गेला. ज्यांची मूत्रपिंडे आधीच बिघडू लागली होती, अशा त्या रुग्णांत औषधांचा पायरीपायरीने वापरच सरस ठरला. उलट २०२२ साली बेल्जियममध्ये ५१९ रुग्णांवर एक जुने, स्वस्त औषध फ्युरोसेमाइडच्या जोडीला देऊन पाहिले. त्याचे नाव असिटाझोलामाइड. डोळ्यांतला दाब कमी करण्यासाठी ते पूर्वीपासून वापरात आहे. ते दिलेल्या गटात तीन दिवसांत शंभरांपैकी सुमारे ४२ जणांचे तुंबणे उतरले, न दिलेल्या गटात ३० ते ३१ जणांचे. निचरा चांगला झाला, तर रुग्णाचे भले होण्याचा संभव अधिक, असा या साऱ्याचा सूर आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही रुग्णांत पुढची टंचाईच खरी असते. हातपाय गार पडतात, दरदरून घाम येतो, रक्तदाब फार उतरतो, माणूस गुंगीत जातो. तेथे हृदयालाच आधार देणारी औषधे आणि अतिदक्षता विभाग लागतो. अशा वेळी घरी वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. जे जवळ असेल तेथे न्यावे. वाटेत रुग्णाला आडवे निजवू नये, त्याला बसवून न्यावे. मात्र त्याची शुद्ध हरपली, तर त्याला कुशीवर ठेवावे.

आता रुग्ण बरा होऊन घरी आल्यावर काय करावयाचे, ते पाहू. पहिली गोष्ट वजन. रोज सकाळी लघवी करून, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करावे आणि वहीत लिहावे. घरात शाळकरी मूल असेल, तर हे काम त्याच्याकडे द्या. तो ते हौसेने करील. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढले, तर ती तब्येत सुधारल्याची खूण नव्हे, अंगात पाणी साठत असल्याची आहे. सूज दिसावयाच्या आधी काटा सांगतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

दुसरी गोष्ट मीठ. आपल्याकडे भाकरीच्या पिठात मीठ, ठेच्यात मीठ, लोणच्यात मीठ, पापडात मीठ, आणि वर ताटात वाढलेले मीठ वेगळेच. यातले लोणचे, पापड आणि ताटातले मीठ तरी बंद झालेच पाहिजे. ठेचा सोडवत नसेल, तर मीठ वगळून लसूण, लिंबू, शेंगदाणे घालून करावा. पाणी किती प्यावे, हे डॉक्टर सांगतील तेवढेच. शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर त्यात भर घालू नये.

तिसरी गोष्ट अंगदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या किराणा दुकानातही मिळतात, आणि गुडघे-कंबर दुखली की आपण त्या सहज गिळतो. मूत्रपिंडाच्या गाळणीच्या तोंडाशी रक्त आणणारी जी बारीक वाहिनी असते, ती अडचणीच्या वेळी उघडी ठेवण्याची शरीराची एक सोय आहे. ही सोयच या गोळ्या बंद पाडतात. चारीचे वरचे दार लावून घ्यावे, तसे होते. शिवाय त्या अंगात मीठ राखतात. हृदय थकलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्यावाचून अशी एकही गोळी घेऊ नये.

चौथी गोष्ट, लघवीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बरे वाटते म्हणून किंवा प्रवासात अडचण होते म्हणून ती थांबविली, की आठ-पंधरा दिवसांत पुन्हा धाप लागून दवाखाना गाठावा लागतो. मात्र जुलाब-वांत्या झाल्या, ताप आला, किंवा आपल्या उन्हाळ्यात फार घाम जाऊन चक्कर येऊ लागली, तर त्या दिवशी गोळी घ्यावी की थांबवावी, हे डॉक्टरांना फोन करून विचारावे. कारण तेव्हा खरोखरच पाण्याची तूट असू शकते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना एक विशेष विनंती. दिवाळीच्या सुमारास आपण घर सोडतो आणि काही महिने दूरच्या कारखान्यांच्या फडांवर राहतो. तेथे नवा डॉक्टर, जुना कागद जवळ नाही, गोळ्या संपलेल्या, आणि अंग दुखते म्हणून हातात दुखण्याची गोळी! जाण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून पुरेशा गोळ्या घ्याव्यात. दवाखान्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवावेत. तपासणाऱ्या डॉक्टरांना पहिल्यांदा हेच वाक्य सांगावे, "यांचं हृदय कमजोर आहे, सलाईन लावायच्या आधी हा कागद पाहा." गावी मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या वजनाची वही कोण लिहिणार, हेही जाण्याआधी ठरवून ठेवावे. गावातल्या शिक्षकांनी, आशाताईंनी यात हात दिला, तर फार बरे होईल.

शिक्षकांसाठी वर्गात करण्याजोगा एक सोपा प्रयोग सांगून थांबतो. पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी पारदर्शक नळी लावावी आणि तिचे दुसरे टोक खालच्या रिकाम्या बादलीत सोडावे. पाणी किती वेगाने वाहते, ते मुलांना पाहू द्यावे. मग वरची बादली हलवू नये, खालची भरलेली बादली मात्र हळूहळू उचलून वर न्यावी. नळीचे टोक पाण्यात बुडालेलेच ठेवावे. वरचे पाणी तितकेच असूनही नळीतले वाहणे मंदावते, आणि दोन्ही पातळ्या एक झाल्या की थांबते. आता मुलांना विचारावे, वाहणे पुन्हा सुरू करण्यासाठी वरच्या बादलीत पाणी ओतत राहावे, की खालची बादली उतरवावी? मुले बरोबर उत्तर देतील. तेच उत्तर त्यांनी घरी जाऊन आजोबांना सांगावे.